आपाची शुगर

आपा गेला तेव्हा त्याची शुगर अगदी नॉर्मल होती. जन्मल्यापासून नॉर्मलच होती म्हणा. तरीही आमच्या अख्ख्या गावाने त्याला पुरी तीस वर्षं मधुमेही म्हणून सांभाळला. पंगतीत वाढपी त्याच्या पानापर्यंत येऊन खिरीचं पातेलं असं काही उचलायचे, की जणू वाटेत साप आडवा गेला. हा सगळा घोटाळा एका शब्दाचा. आणि ह्यात आपा खोटं बोलला नव्हता, हे मी देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगेन. त्याने फक्त रंग सांगितला नव्हता.

पण रंगाआधी आवाज.

आमचं गाव वालावलच्या अलीकडे, खाडीला लागून. देवळात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं ते आपाने. घाटावरच्या वाचकांना सांगतो, गाऱ्हाणं म्हणजे गावातर्फे एकाने देवाला मोठ्याने सगळं ऐकवायचं. कोणाचं लग्न अडलंय, कोणाची म्हैस आटलीय, कोण कोणाचा बांध कोरतोय. आणि दर वाक्याला जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” आपाने सुरुवात केली की खाडीपलीकडे भांडी घासणाऱ्या बाया राखेचा हात थांबवून “व्हय म्हाराजा” म्हणायच्या. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बिळातून बाहेर यायच्या. एकदा म्हणे रेडीच्या बंदरात खनिज भरायला आलेल्या बोटीच्या कप्तानाला हा धोक्याचा भोंगा वाटला आणि त्याने नांगर टाकला. हे मी पाहिलेलं नाही. पण तो कप्तान मला कधी भेटलेला नाही, म्हणजे खोटं आहे असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.

आपाला एकही दात नव्हता. कवळी होती, पण ती बहुतेक वेळ शर्टाच्या खिशात. “माणसांवांगडा बोलाक दात कित्याक व्हये?” तो म्हणायचा. गाऱ्हाण्याच्या वेळी मात्र खिशातून काढून, धोतराला पुसून, दोन्ही हातांनी मुकुट चढवावा तशी ती तोंडात चढवायची. देवाशी बोलताना शब्द स्वच्छ पडला पाहिजे. आपाच्या तोंडात कवळी दिसली की समजायचं, आता हा माणूस खरं बोलणार.

तरुणपणी आपा शिपवर कूक होता. कुठल्याशा बंदरात (बंदराचं नाव दर वेळी वेगळं) त्याची दाढ ठणकायला लागली. इंजिनरूममधल्या एका सोबत्याने तपकिरी पुडीचा धूर दिला. दाढ थांबली. पुढे ती दाढ पडली, शेजारची पडली, करता करता तोंड मोकळं झालं. “दात गेले रे दिग्या,” पुढे फार उशिरा आपा मला म्हणाला, “पण दातांचा औषध रवला.”

गर्द. ब्राऊन शुगर. मुंबईच्या डॉक्टरने नाव सांगून घरी धाडला तेव्हा दारात आक्का उभी. आक्का म्हणजे आपाची थोरली बहीण, विधवा, हाडापेराने काटक, कमरेला चाव्यांचा जुडगा. ती चालत आली की गावाला वाटायचं बैलगाडी आली.

“काय सांगल्यान डाक्टरान?”

“शुगर,” आपा म्हणाला.

झालं. त्याच दुपारी गुळाचा डबा कुलपात गेला. साखर गेली, काकवी गेली, सुक्या केळ्यांची परडीसुद्धा गेली. आता गंमत बघा, पुडी ओढणाऱ्या माणसाचा जीव गोडासाठी इतका तडफडतो, की त्याला गूळ नि अमृत ह्यांतला फरक कळत नाही. जत्रेत खाजाच्या दुकानासमोर आपा असा उभा राहायचा, जशी बाकीची माणसं गाभाऱ्यासमोर उभी राहतात. दुकानदारही ओळखीचा. “आपानू, बघा कितीय, देवचंय नाय हां. आक्का माका कुलपात घालतली.”

आक्का चिडली की एकच शिवी द्यायची, “शिरा पडली तुझ्या तोंडार!” ही आमच्याकडची खास शिवी. त्यातला शिरा काही रव्याचा नव्हे, वाईटच काहीतरी. पण आपा देशोदेशीचा रवा भाजून आलेला. तो तोंड वर करून डोळे मिटायचा. “पडांदे गो आक्का. साजूक तुपातलो पडांदे. बेदाणे असले तरी चलतीत.”

मग शाळेत रक्त तपासायचं शिबिर आलं आणि आपाची खरी पंचाईत झाली. तिथला पोरगेला डॉक्टर म्हणाला, “आजोबा, तुम्हाला शुगर नाहीच.”

आपाचा चेहरा पडला. पण आक्काची छाती फुगली. “नाय कशी? होती! माझ्या कारल्याच्या रसान गेली!” तीस वर्षं रोज सकाळी ती त्याला पेलाभर पाजत होती, हे खरंच होतं. आणि गेलेली शुगर परत येईल म्हणून कुलूप तिने तसंच ठेवलं. बातमी वाऱ्यासारखी गेली. गावात जिथे तिथे कारल्याचे मांडव चढले. लोक इतकं कारलं प्यायले की गावातले डास कडू रक्ताला कंटाळून शेजारच्या वाडीत राहायला गेले. आंबोलीहून एक गृहस्थ भर पावसात एसटीने रिकामी बाटली घेऊन आला, ओला चिंब, आणि आक्काच्या पायाच पडला. आक्काने त्याला उठवलं, म्हणाली, “माझा काय नाय, ह्येका इचारा.” आणि आपाकडे बोट केलं. आपाने कवळी चाचपली, पण तोंडात घातली नाही.

तेव्हा मला कळायला हवं होतं. पण मी माझ्या सहा सीटर रिक्षाच्या क्लचशी झगडत होतो.

आपाला पुडी आणून देणारा इसमही आता म्हातारा झालेला. तो गेला. उरलेल्या पुड्या संपल्या त्या त्याच्या तेराव्यालाच. आपा तिथे जेवून आला आणि थोड्याच वेळात त्याचं नाक गळायला लागलं. जांभया अशा, की अंगणातली कोंबडी घाबरून माडावर चढली. अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय झाडतोय. आक्काने रस दुप्पट केला. शेवटी मी त्याला गाडीत घालून तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेला.

तिथे फिलोमिना सिस्टर भेटली. वेंगुर्ल्याकडची, रुंद खांद्यांची, नजर अशी की ताप आपणहून उतरावा. तिने आपाकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. भली बाई, माणसाची अब्रू जपावी म्हणून कानाशी जाऊन हळू विचारलं. पण आपा कानाने जड, कुजबुज त्याला कधी ऐकू यायची नाही.

“आँ?”

तिने जरा मोठ्याने विचारलं.

“आँ?”

शेवटी सिस्टर ओरडली, “ब्राऊन शुगर किती वर्सां घेतास?”

रांगेतल्या चाळीस माना आपाकडे वळल्या. एवढ्यात मागची एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. “सिस्टर, माझीपण शुगरच आसा. ती खंयची गो, पांढरी काय तपकिरी?”

अशी आपाची अब्रू वाचली आणि अशी त्याची गोळी सुरू झाली. ही गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, पूर्ण विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पुडीची ओढ ती थोपवते. पण ती रोज सिस्टरच्या समोर घ्यायची. कवळी काढ, गोळी ठेव, गप्प बस. गप्प बसलेला आपा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. डोळे असे गरगर फिरायचे, की न बोललेली वाक्यं आत दाटून बुबुळं ढकलताहेत.

गोळी मिळायची दवाखान्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात, आणि ते होतं तरण्या पोरांसाठी. भिंतीवर सगळीकडे उगवता सूर्य नि “तरुणांनो, आयुष्य पुढे आहे!” आपाने ते अक्षर अक्षर लावून वाचलं नि म्हणाला, “माझ्या पुढे काय आसा? ढोपरां!” दारावरचा माणूस रोज त्याला अडवायचा, “आजोबा, बाहेर बसा, नातू आत आहे ना?” समुपदेशक साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “घरी आईवडिलांना माहीत आहे का?”

“आता म्हायत असतला,” आपा म्हणाला, “वरसून सगळा दिसता.”

पुनर्वसन म्हणून त्याला मोबाईल दुरुस्ती शिकवायला घेतलं. आपाच्या थरथरत्या बोटांनी एक मोबाईल असा दुरुस्त झाला, की त्यावर पुढे फक्त परमुलखातले फोन यायचे. ढोपर दुखतंय म्हटलं की डॉक्टर म्हणायचा, “तलफ असेल.” पोट साफ होत नाही, “तलफ असेल.” एकदा आपाच्या पायावर खुर्ची पडली. त्याने बोंब मारली. डॉक्टरने तोंड उघडायच्या आत आपाच म्हणाला, “खुर्चेक तलफ इली.”

एक दिवस साहेबांनी सगळ्यांना गोल बसवलं. प्रत्येकाने आपल्याला काय हवंय ते मोकळेपणी बोलायचं. पोरं खाली बघत बसली. आपाची पाळी आली. आपाने खिशात हात घातला. मी दारातून बघत होतो. कवळी चढली.

“बा देवा म्हाराजा!” खिडकीची तावदानं थरथरली. “आज ह्ये तुझी लेकरां हय जमली आसत म्हाराजा!”

पोरं इकडच्याच गावांतली. जन्मजात सवय. माना वर झाल्या नि एका सुरात आलं, “व्हय म्हाराजा!”

“ह्येंच्या वाटेर जो कोण पुडी घेवन उभो रवात, तेका परसाकडे लागांदे म्हाराजा, आणि तेच्या तांब्यात पाणी ठेव नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ढोपर दुखता म्हटलंय, तर डाक्टरान ढोपर बघूक व्हया, मन बघूक नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“एक खुर्ची अशी दी म्हाराजा, जिच्यातसून उठताना तुका हाक मारूची लागाची नाय! भितीर एक चित्र म्हाताऱ्याचा लाव म्हाराजा, म्हाताऱ्याकय तलफ येता ता लोकांक कळांदे! आणि ह्या वयात सोडून काय करतलास असा जो कोण इचारीत, तेका सांग म्हाराजा, उरलेले चार दीस माका शुद्धीत बघूचे आसत!”

ह्या वेळचं “व्हय म्हाराजा” जरा हळू आलं. समुपदेशक साहेब नागपूरकडचे, त्यांना निम्मं कळलं नाही, पण चष्मा पुसत तेही म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात हातांची खुर्ची आली. आणि डॉक्टरने आपाचं ढोपर बघितलं. त्यात खरंच पाणी झालेलं निघालं.

आता सगळं सुरळीत व्हायचं, तर केंद्रच हललं. खालच्या जागेत पाणी शिरायचं म्हणून वरच्या मजल्यावर नेलं, आणि जिना असा की माकडानेही कठडा धरावा. पहिले काही दिवस पोरांनी आपाला त्याच खुर्चीत बसवून उचलून वर नेला. पुढे दोन, मागे दोन, आणि पायरी पायरीला “व्हय म्हाराजा!” बाजारातल्या बायांना वाटलं, अवेळी पालखी कोणाची निघाली, एकीने हळदकुंकू वाहिलं. पण पोरं कामाधंद्याला लागली. खांदे कमी झाले. एक दिवस आपा जिन्याच्या तळाशी बसून राहिला, मी वर जाऊन सिस्टरला खाली घेऊन आलो. एक दिवस सिस्टर रजेवर. एक दिवस ढोपर इतकं सुजलं, की त्याला गाडीतच चढवता येईना. त्या संध्याकाळी मी पाहिलं, आपा अंगणात बसून जांभया देत होता, आणि त्याची नजर गोव्याकडच्या, पुडी यायची त्या रस्त्यावर खिळली होती. नजर कसली, गळच तो.

“आपानू, खंय बघतास?”

“बघणंय नाय रे. ओढता.”

मी सिस्टरला सांगितलं. ती डॉक्टरशी भांडली. ठरलं असं, की आपाला गोळ्या घरी द्यायच्या. पण एक अट. घरचं जबाबदार माणूस येऊन समजून घेणार, गोळ्या कुलपात ठेवणार, रोज एक आपल्यासमोर देणार.

“घरात कोण आसा?” सिस्टरने विचारलं.

आपा नि मी एकमेकांकडे बघितलं. कुलपात ठेवण्याच्या बाबतीत अख्ख्या जिल्ह्यात आक्काचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तिला सांगायचं म्हणजे, तीस वर्षांचं कुलूप खोट्या दुखण्यावर लावलं होतंस. आणि आंबोलीहून माणसं ज्या कारल्याच्या पाया पडायला येतात, त्या कारल्याने काही एक झालेलं नाही.

“माझ्या तोंडातसून येवचा नाय, दिग्या,” आपा म्हणाला. “तिच्या तोंडाकडे बघून तर नायच.”

“मग कोणाच्या तोंडाकडे बघून येयत?”

आपाने खिशातली कवळी चाचपली. जत्रा जवळ आली होती.

जत्रेच्या सकाळी देऊळ माणसांनी गच्च. बायांच्या रांगेत आक्का पहिली, जुडगा चमकतोय. खांद्याला हात देऊन मी आपाला उभा केला. कवळी चढली. आधी नेहमीचं झालं. आंब्याला मोहर दे, काजीवरचा टीमॉस्किटो किडा हाकल, सरपंचाच्या झिलाचं, मुलाचं म्हणजे, लग्न जमव. “व्हय म्हाराजा!” मग आपाने श्वास घेतला.

“हो तुझो आपो, माका शुगर आसा म्हणान गावाक सांगत इलो म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ती शुगर ती न्हय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ती गर्दाची तपकिरी पूड म्हाराजा! शिपवर मानगुटीर बसली ती आजून उतराक नाय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आक्काच्या कारल्यान काय एक झाला नाय म्हाराजा!”

ह्याला सगळ्यांत मोठ्ठं “व्हय म्हाराजा!” मिळालं.

“आता गोळी चालू आसा. ती सांभाळूक घरचा माणूस व्हया. आक्काक तशी बुद्धी दी म्हाराजा! आणि माका मारूची बुद्धी देव नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

नारळ फुटला. मी डोळे मिटून उभा. आता आभाळ कोसळणार. तर सरपंच आपाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आपानू, गाऱ्हाणा झकास! माझ्या झिलाचा बरोबर घातलास हां!” लोक खोबऱ्याचे तुकडे घेऊन खाजाकडे पळाले. एकाही बाप्याने एक अक्षर ऐकलं नव्हतं! गाऱ्हाणं हे ऐकायचं नसतं, त्याला नुसतं व्हय म्हणायचं असतं. ऐकायला देव आहे की.

ऐकलं होतं एकटीने. बायांची रांग पांगली तरी आक्का तिथेच होती. तिने व्हय म्हाराजा म्हटलं नव्हतं. ती वळली आणि चालू लागली, जुडगा मुठीत घट्ट धरून, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली तर आपाच्या शेजारी आक्का बसलेली. नवं लुगडं. अर्धा रस्ता सरला. मग मागून आवाज आला.

“शिरवाळे.”

“काय आक्का?”

“शिरवाळे, खाजा, खापरोळी, खटखटे लाडू. तीस वर्सां, दिग्या.” मग ती आपाकडे वळली. “मेल्या, गर्द ओढलंस ता तुझ्या कर्मान. माझ्या हातचा गोड कित्याक नाय म्हटलंस? एकदा तरी सांगूचा होता, रंग वेगळो म्हणान!”

आपाची कवळी खिशात होती. त्याने ती काढली, पुसली, गाडी खड्ड्यातून जात असतानाच तोंडात बसवली.

“तू इतक्या जीवान कुलूप लावी होतंस गो,” तो म्हणाला. “घरात येवन माझी असली काळजी कोणी कधी केल्यान नाय. माका वाटला, करता तर करांदे.”

आक्काने तोंड फिरवलं. “शिरा पडली तुझ्या तोंडार,” ती बाहेरच्या माडांना म्हणाली.

त्या माकडजिन्यावर ऐंशीला टेकलेली आक्का अशी चढली, की मी मागे राहिलो. सिस्टरने सगळं समजावलं. कुलपात ठेवायची. दुसऱ्या कोणाच्या, पोराटोरांच्या हाती लागता नये. रोज एक, तुमच्यासमोर, कवळी काढून. आणि विरघळेपर्यंत बोलायचं नाही.

“सांभाळशात ना, आक्का?”

आक्काने कमरेचा जुडगा सोडून टेबलावर आपटला. शिक्क्याचं शाईचं पॅड उडालं. “सिस्टर, ह्या कुलपातसून ह्येका तीस वर्सां गुळाचो खडो गावलो नाय. गोळी गावात?”

फिलोमिना सिस्टरने चाव्यांकडे बघितलं, आपाकडे बघितलं आणि गोळ्या पुढे सरकवल्या.

मी आपाला शेवटचा पाहिला तो असा. सकाळची वेळ, मी त्याच्या अंगणासमोर गाडी उभी केली होती. ओटीवर हातांची खुर्ची, केंद्राने तीही धाडली होती. कवळी खिशात, ओठ मिटलेले, जिभेखाली गोळी. समोर ताटलीत शिरा. रव्याचा, साजूक तुपातला, वर बेदाणे, वाफ निघतेय. आपा त्या वाफेकडे असा बघत होता की वाफही जरा लाजत होती. आणि शेजारी बसून आक्का बोलत होती. आपाला तोंड उघडता येत नाही, अशी संधी तिला जन्मात मिळाली नव्हती. लहानपणी तिची बाहुली विहिरीत टाकली होती तिथपासून शिपवर गेला तेव्हा साधा निरोपही दिला नाही इथपर्यंत सगळं ती पद्धतशीर घेत होती, आणि दर वाक्याच्या शेवटी विचारत होती, “खरा मा रे मेल्या?” आपा मान हलवायचा.

मी गाडीतूनच ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

आक्का गर्रकन वळली. “शिरा पडली तुझ्यापण तोंडार, दिग्या! गाडी बंद कर आणि वाटी घेवन ये.”

मी वाटी घेऊन ओटीवर चढलो. मला वाढलं, मी खायला लागलो. आपाने आम्हां दोघांकडे बघितलं, एक बोट वर करून थांबा अशी खूण केली. त्याची गोळी अजून विरघळायची होती.